बिनमार्कांचा तास

सर, दुपारपासून मी घरात नुसती येरझाऱ्या घालते आहे. चहा केला तो ओट्यावरच निवला, पेपर तपासायला घेतले ते दोन पानांवर मिटून ठेवले, गॅलरीत गेले तर समोरच्या सोसायटीच्या गच्चीवर बारशाचा मांडव घालताहेत, त्यांची ठोकाठोक. शेवटी तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडायला संकोच वाटू नये, पण वाटतो. शुक्रवारी माझ्या केबिनमध्ये टीवायची पाच मुलं आली. हातात अर्ज. अर्थशास्त्र एकाच पद्धतीनं शिकवलं जातं, आम्हाला दुसरेही विचार ऐकायचे आहेत, आमच्या आजूबाजूला जे चाललंय ते वर्गात यायला हवं, त्यासाठी आठवड्याला एक तास मिळावा. अर्ज देणारी मुलगी दिघ्याची आहे, बारीकशी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. मी अर्ज वाचला आणि तिला म्हणाले, "आधी आहे ते नीट येतं का?" म्हणता म्हणताच मी दचकले, कारण हे वाक्य माझं नाही, तुमचं आहे. तुमच्याच चालीत, शेवटचा 'का' वर उचलून. तिला पुढे मी काय उत्तर दिलं ते सांगतेच, पण आधी मला तुमच्याशी थोडं भांडून घ्यायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा पुरतं भांडता आलं नाही.

तुम्हाला ठाऊक नसेल, आम्ही पाठीमागे तुम्हाला 'वक्र' म्हणायचो. मागणीचा वक्र, पुरवठ्याचा वक्र, खर्चाचा वक्र, तुमचा हात फळ्यावर फिरायला लागला की थांबायचा नाही. कॉलेज तेव्हा वाशीतल्या एका शाळेच्या वरच्या मजल्यावर भरायचं आणि खालच्या वर्गांतले पाढे आमच्या तासाला ऐकू यायचे. तुम्ही देशावरचे, सोलापूरकडचे, नव्या शहराच्या सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणारे, रोज इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट. मी खाडीकाठच्या गावातली, आगरी शेतकऱ्याची मुलगी, आमच्या घरातून कॉलेजात पोचलेली पहिली. मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे. माझ्या मागच्या बाकावर कोपरखैरण्याहून येणारा एक माथाडी कामगाराचा मुलगा असायचा, मूळचा साताऱ्याकडचा, ज्याचा बाप मार्केटमध्ये डोक्यावरून माल वाहायचा. हा मुलगा वर्गात कधी बोलायचा नाही. ज्या दिवशी बोलला त्या दिवसापासून माझं सगळं बिनसलं असं म्हणायला हरकत नाही.

तुम्ही पूर्ण स्पर्धा शिकवत होता. एसवायचं वर्ष, पावसाळा संपत आलेला. असंख्य ग्राहक, असंख्य विक्रेते, एकजिनसी वस्तू, बाजाराची पूर्ण माहिती, भाव सगळ्यांना ठाऊक. आणि मागून हसू आलं. मोठ्यांदा नाही, नाकातून. तुम्ही खडू हातात तसाच धरून वळलात. "काय झालं? आम्हालाही सांगा." तो उभा राहिला. "सर, आमच्या फळमार्केटात भाव रुमालाखाली ठरतो. दलाल आन गिऱ्हाईक हातात हात घालत्यात, वरनं रुमाल, आन बोटं दाबून भाव सांगत्यात. शेजारी उभा असलेल्याला कळत न्हाई." फळबाजार तेव्हा नुकताच मुंबईहून वाशीला आला होता, त्यामुळे आम्हा सगळ्यांना हे नवीन होतं. वर्गात खसखस पिकली. तुम्ही म्हणालात, "ते तुझं मार्केट. हा बाजार आहे. परीक्षेत बाजार विचारतात." आणि परत फळ्याकडे वळलात. तो बसला, पण मला त्या क्षणी खाली बसणं अवघड झालं होतं, मी तर बसलेलीच होते तरीही.

त्याच आठवड्यात आम्ही अर्ज लिहिला. मी, तो, आणि सेक्टरमधली एक मुलगी, बँकेतल्या माणसाची, जिचं इंग्रजी चांगलं होतं पण जी अर्ज मराठीतच हवा म्हणून हट्टाला पेटली. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी सह्या केल्या, काहींनी काय आहे ते न वाचताच. शनिवारी एक तास अभ्यासक्रमाबाहेरचा. जमीन, इथलं मार्केट, बायकांचं घरकाम, कामगार, आणि अर्थशास्त्रात तुमच्या वक्रांखेरीज ज्यांनी दुसरा विचार केला ती सगळी मंडळी. तुम्ही तो स्टाफरूमच्या दारात उभ्या उभ्या वाचलात. तुमचा तो प्रश्न तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आधी आहे ते नीट येतं का. मग तुम्ही जे म्हणालात ते मी कधी विसरले नाही आणि तुम्हाला त्याबद्दल पुरती माफही केलेलं नाही. "तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी कॉलेज म्हणजे काय ते माहीत नाही. तुम्ही नापास झालात तर दुसऱ्यांदा फी भरायला कोणी नाही. मोठ्या घरच्या मुलांनी असले प्रयोग करावेत, त्यांचं काय जातंय?" सर, हे खरं होतं, म्हणूनच ते लागलं. पण गरिबाला साधंच वाढायचं, कारण त्याला पचणार नाही, हा न्याय मला आजही पटत नाही.

सहामाहीत प्रश्न आला, खंडाचा सिद्धांत स्पष्ट करा. जमीन ही निसर्गाची देणगी, तिचा पुरवठा ठरलेला, म्हणून मालकाला मिळतो तो खंड. मी पेन उचललं आणि आमच्या गावाबद्दल लिहीत सुटले. भातशेती होती, मिठागर होतं, सरकारची नोटीस आली, नवं शहर होणार म्हणून जमीन गेली, आता तिथे रस्ता आहे आणि त्या रस्त्यावरून चालत मी कॉलेजला येते. मग ह्या जमिनीचा खंड कोणाला मिळतो आणि तो धडा कुठल्या पानावर आहे, असं विचारून मी उत्तर संपवलं. स्वतःवर खूश होऊन घरी गेले. तुम्ही त्या प्रश्नाला शून्य दिलंत. मी पेपर घेऊन आले तेव्हा तुम्ही डबा खात होता. चटणी-भाकरी, आणि शेजारी कांदा फोडलेला. म्हणालात, "तू जे लिहिलंस ते सगळं खरं असेल. पण विचारलं होतं ते नाही लिहिलंस." मी म्हणाले, "मग माझं विचारायचं कोणी?" तुम्ही भाकरीचा तुकडा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिलात. मला वाटलं आता ओरडणार. तुम्ही ओरडला नाहीत, डब्याचं झाकण लावलंत आणि घंटा झाली.

त्यानंतर माथाड्याच्या मुलानं पैज लावली. पैजच ती. "सर, एकदा मार्केटात चला. पुस्तकासारखं निघालं तर आमी अर्ज मागं घेतो." तुम्ही विचारलंत, नाही निघालं तर? तो म्हणाला, "तर तास." मला अजून कळत नाही तुम्ही हो का म्हणालात. बहुतेक आम्ही हरणार याची तुम्हाला खात्री असावी. फेब्रुवारीत हापूसच्या पहिल्या पेट्या आल्या तेव्हा एका सकाळी आम्ही दहा-बाराजण तुमच्यासोबत गेलो. ज्या दलालाच्या गाळ्यावर त्या मुलाचे वडील काम करायचे, त्यानं आम्हाला एका बाजूला उभं राहू दिलं. खाली पेंढा पसरलेला, तुमचे बूट त्यावरून सटकत होते आणि तुम्ही पडू नये म्हणून त्या मुलाचा दंड धरला होता. पेट्या उघडल्या की वास असा यायचा की सेक्टरमधल्या त्या मुलीनं डोळेच मिटून घेतले.

तिथे खरंच तसंच चाललं होतं. एक गिऱ्हाईक पुढे यायचं, रुमालाखाली हात जायचे, दोघांचे चेहरे कोरे, जणू काही बसची वाट बघताहेत. मग हात सुटायचा आणि पुढचा यायचा. त्याच मालाचा कोणाला काय भाव लागला, दुसऱ्याला पत्ता नाही. तुम्ही दलालाला विचारलंत, "आत्ताच्या माणसाला काय भाव दिलात?" तो हसला. "वो रुमालको पूछो, मास्तर." पण तुम्ही शिक्षक, पोरांना घेऊन आलेले, त्याला कौतुक वाटलं असावं. तुमचा हात धरून त्यानं रुमालाखाली घेतला आणि मघाचा भाव तुमच्या बोटांवर दाबून दाखवला. तुमचा चेहरा उजळला, सर. गणित सुटलं की उजळायचा तसाच. आणि तुम्ही आमच्याकडे वळून, आयुष्यभराच्या सवयीनं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर सांगितलंत.

मग ज्यानं आधी जास्त भावानं माल उचलला होता तो पेटी तिथेच आपटून परत आला. "शेठ, मला वेगळा आन त्याला वेगळा?" मागून दुसरा, "हमको भी वही भाव लगाव." बघता बघता सात-आठ गिऱ्हाईकं गाळ्याला भिडली, सगळ्यांना एकच भाव हवा होता, आणि दलाल थोडा वेळ त्याच भावानं खरंच माल देत सुटला, काय करणार, नाइलाज. मग त्यानं रुमाल झटकला, खांद्यावर टाकला. "आज सौदा बंद. जाव सब." तुम्हाला तो एक शब्दही बोलला नाही. त्या मुलाचे वडील डोक्यावर पेटी घेऊन मागे उभे होते. त्यांनी पेटी खाली ठेवली आणि आमच्याकडे न बघता आत निघून गेले.

तुम्ही मात्र! तुम्हाला झाल्या प्रकाराचं गांभीर्य कळलंच नव्हतं. बसस्टॉपपर्यंत तुम्ही जवळजवळ उड्या मारत आलात. "बघितलंत? भाव सगळ्यांना कळला आणि पाच मिनिटं का होईना, पुस्तकातला बाजार उभा राहिला! एकच वस्तू, एकच भाव! मी काय शिकवतो? हेच शिकवतो!" मला तुमचा राग आला आणि हसूही आलं, कारण तुम्ही चुकीचं बोलत नव्हता. तेव्हा तो मुलगा थांबला. "आन मग त्यानं रुमाल खांद्यावर टाकला, सर. बाजार बंद. बंद करनारा पुस्तकात कुठल्या पानावर हाय?" बस आली, आपण सगळे चढलो, तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. पैज कोण जिंकलं हा विषय कोणीच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा कॉलेजात आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग कळलं की टोळीच्या मुकादमानं त्याच्या वडलांना सांगितलं, त्या गाळ्यावर आता येऊ नकोस, शेठ चिडलाय. आंब्याचा हंगाम तोंडावर आणि त्यांचा नेहमीचा गाळा सुटला. त्याला बापानं विचारलं होतं, "कॉलेजात तुला ह्येच शिकवत्यात का?" मी हे तुम्हाला सांगितलं. सांगताना मला रडू आलं ते रागाचं होतं, कोणावरच्या रागाचं ते आता सांगता येत नाही. पुढचं मला त्या मुलानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही एकटे त्या गाळ्यावर गेलात, बसायला दिलं तर बसला नाहीत, आणि गर्दीत उभं राहून म्हणालात, "चूक माझी आहे, ह्यांची नाही. मला वर्गाबाहेर कसं वागतात ते कळत नाही." दलालानं तुम्हाला चहा पाजला, मुकादमाला हाक मारून त्याच्या वडलांना परत बोलावून घेतलं आणि तुमच्या गळ्यात एक पेटी मारली. भाव अर्थात रुमालाखाली. ती पेटी तुम्ही स्टाफरूममध्ये आणलीत, सगळ्यांनी खाल्ली, आणि काय भावानं घेतलीत ते तुम्ही शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाहीत. प्रिन्सिपॉलनी विचारलं तरी.

त्या शनिवारी तुम्ही फळ्यावर लिहिलंत, दर शनिवारी शेवटचा तास, हजेरी नाही, मार्क नाहीत. लिहून झाल्यावर खडू टेबलावर ठेवलात आणि पहिल्या बाकावर जाऊन बसलात. आम्हाला कळेना. तुम्ही म्हणालात, "मला हे येत नाही. तुम्ही बोला, मी ऐकतो." बाकं शाळेतल्या पोरांच्या मापाची, तुमचे गुडघे वर येत होते. सेक्टरमधली मुलगी घरकामावर बोलली. तिची आई दिवसभर राबते तर राष्ट्रीय उत्पन्नात त्याचा दमडीचाही हिशेब नाही. छान बोलली, टाळ्या पडल्या. तुम्ही हात वर केलात. "पटलं. पण मोजायचं कसं?" तिला सांगता येईना. "पुढच्या शनिवारी सांग." ती रडकुंडीला आली, पण पुढच्या शनिवारी शेजारच्या चार घरांतल्या बायकांना विचारून आली. तुम्ही आम्हाला तास दिलात पण सुखानं उपभोगू काही दिला नाहीत. आम्हाला नुसतं तक्रार करायला आवडत होतं, सर, हे तुम्हाला आमच्या आधी कळलं होतं.

मग तुम्हाला माझे वडील हवे झाले. खंडाचं उत्तर तुमच्या डोक्यात राहिलं होतं तर. टीवायच्या वर्षी एका रविवारी तुम्ही आमच्या घरी आलात, चिखलाच्या बोळातून, बूट हातात घेऊन. आई ओट्यापाशी खाली बसून कोलंबी साफ करत होती. तिनं पदरानं हात पुसले. "बसा ना सर. जेवूनच जा." तुम्ही म्हणालात, मी मासे खात नाही. आईला खरंच काळजी वाटली. "मावरा नाय खात? मग खाता तरी काय?" तुम्हाला तांदळाची भाकरी आणि गूळ दिला, तो तुम्ही मुकाट्यानं खाल्लात. बाबांना म्हणालात, एकदा वर्गात येऊन जमिनीबद्दल बोला. बाबा लाजले. "मी काय बोलनार, सर? आमाला काय येतंय?" पण आले. लग्नातला शर्ट घालून आले, आणि मला वाटलं, आता ह्या वर्गाला कळेल. किती तरी दिवस मी ह्या एका तासाची वाट बघत होते.

बाबा टेबलाला हात टेकवून उभे राहिले. "पोरांनो, सर शिकवतात ते नीट शिका," ते म्हणाले. "पुस्तक वाचा. आमी पुस्तक नाय वाचलं म्हनून जमीन गेली. जो कागद घेवून आला त्यानं वाचलं व्हतं." आणि थांबले. एवढंच. मिठागर नाही, भात नाही, मोर्चे नाहीत, काही नाही. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. माझा बाप, माझ्याविरुद्ध, तुमच्या बाजूनं साक्ष देऊन मोकळा झाला. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही आता जिंकल्यासारखे हसणार म्हणून. तुम्ही हसत नव्हता. तुम्ही त्या बुटक्या बाकावरून उठलात आणि विचारलंत, "त्या वेळी जमिनीचा भाव तुमच्याशी कोणी बोललं होतं का?" बाबा गोंधळले. "भाव? भाव कुनी इचारलाच नाय. नोटीस आली." मग फळ्यापाशी गेलात, तिथे सकाळचा एक पुरवठ्याचा वक्र राहिला होता, तो पुसायला डस्टर उचललंत आणि पुसला नाहीत. घंटा झाल्यावर बाबांना पोचवायला बसस्टॉपपर्यंत गेलात. तिथे तुम्ही दोघं काय बोललात ते बाबांनी मला कधी सांगितलं नाही, विचारलं तर म्हणायचे, "सर साधा मानूस हाय."

आम्ही सगळे पास झालो. मी एम.ए.ला असताना तुम्ही गेलात, निवृत्तीला अजून वर्षं बाकी होती. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढे मी शिक्षक झाले, अभ्यासक्रमाच्या समितीवर गेले, आणि तिथे दात-ओठ खाऊन भांडले. नव्या शहराचं अर्थकारण असा एक पेपरच मंजूर करून घेतला. त्यात जमीन, त्यात मार्केट, त्यात रुमाल, त्यात घरकाम. तुमचा तो बिनमार्कांचा तास मी मार्कांत आणला. मला वाटलं, गड जिंकला. आता त्याची गाइडं निघतात. भूसंपादनाचे परिणाम, पाच मुद्दे. माझा बाप टिपा लिहा या सदरात जाऊन बसला आहे, सर, आणि मुलं तो पाठ करतात आणि मला त्यांना पूर्ण मार्क द्यावे लागतात.

शुक्रवारी ती दिघ्याची मुलगी ह्याच पेपराबद्दल बोलायला आली होती. मला आधी कळलंच नाही. मी समजून चालले होते की तिची तक्रार तुमच्या जुन्या वक्रांबद्दल असणार, आणि ऐकण्याआधीच मनातल्या मनात मान डोलवत होते. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या पेपरात सरकार आहे आणि गाववाले आहेत. बस. आमी कुठाय? आमचे पप्पा कंपनीत लागले तेव्हापासून आमी भाड्याने राहतो. अकरा महिने झाले की नवीन रूम, नवीन डिपॉझिट. शाळेपासून आतापर्यंत किती रूम बदलल्या मला आठवत पण नाही. रूमवाला गाववालाच असतो. त्याची जमीन गेली ते मी पाठ केलंय, मला त्याच्यात मार्क पण चांगले पडले. पण आमच्या भाड्याचं काय, ते कुठे शिकायचं?" मागची चौघं खाली बघत होती. मी तिला म्हटलं, हे एकाच बाजूनं बघणं झालं. ती म्हणाली, "हो ना मॅडम. म्हणून तर दुसरी बाजू मागतोय." मग सहज, काही कुचकेपणा न ठेवता, तिनं विचारलं, "तुमी पण इथल्या गावातल्याच ना?"

मी हो म्हणाले. पुढचं म्हणाले नाही. बाबा गेल्यावर माझ्या भावानं गावठाणातल्या जागेवर मजल्यावर मजले चढवले, एकेक खोलीची एकेक रूम केली, आणि त्यांत अशीच माणसं राहतात, कंपनीतली, मार्केटातली, रिक्षावाली. भाड्यातला माझा हिस्सा भाऊ न चुकता आणून देतो, फार सरळ माणूस आहे. मी ज्या फ्लॅटमध्ये बसून तुम्हाला हे लिहिते आहे त्याचे हप्ते त्यातून जातात. त्या खोल्यांना खिडक्या आहेत का, तेही मला नक्की सांगता येणार नाही. त्या मुलीनं मागितलेला तास मी दिला, तर त्या तासाला मी शिकवणारी नसेन सर, मी धडा असेन. गाळ्यावर भर गर्दीत उभं राहून चूक माझी आहे म्हणताना तुम्हाला काय वाटलं असेल, याचा मी इतकी वर्षं फक्त अभिमान बाळगला, विचार कधी केला नव्हता. शुक्रवारपासून करते आहे, आणि मला ते जमेल असं वाटत नाही.

तुम्ही हयात असतात तरी हे मी पाठवलं नसतं, कारण तुम्ही वाचून खाली एकच ओळ लिहिली असती, मग तिला काय सांगितलंस? म्हणून ते तेवढं लिहून कागद ड्रॉवरमध्ये टाकते. तुम्ही आम्हाला नाही म्हणालात ते तोंडावर म्हणालात, स्टाफरूमच्या दारात, सगळ्यांच्या देखत, आम्हाला भांडायला वर्ष शिल्लक ठेवून. मी त्या मुलीचा अर्ज दोन्ही हातांनी घेतला, छान लिहिलाय म्हणाले, पाठीवर हात ठेवला, आणि परीक्षेनंतर नक्की बघू असं सांगितलं. ती थँक्यू मॅडम म्हणाली. ती शेवटच्या वर्षाला आहे, सर. परीक्षेनंतर ती कॉलेजात नसेल, हे म्हणताना मला माहीत होतं.